ओट्यावरचा बगळा

कर्वेनगर, पुणे ५२
मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार

तीर्थस्वरूप इंदुवन्संना,

आनंदीचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांनी असहकार पुकारल्यामुळे प्रत्यक्ष वाकणं बंद झालंय, म्हणून कागदावरच पूर्ण आडवी होऊन घेते. गोड मानून घ्यावा.) तुमची कंबर, तुमचा डावा डोळा आणि तुमची कामवाली या तिन्ही नाजूक गोष्टी जागच्या जागी असतील अशी आशा करते. इकडे मी बरी आहे. साखर थोडी वर, रक्तदाब थोडा खाली, सरासरी उत्तम. आता घरात फोन असताना ही बाई पानंच्या पानं कशाला खरडते आहे, असं तुमच्या मनात आलं असेल. तर वन्सं, फोनवर तुम्ही सगळ्यालाच 'हो, हो' म्हणता. मागच्या खेपेला मी विचारलं, कानाचं यंत्र लावलंय का, तर हो म्हणालात. ते कपाटात पडलंय का, त्यालाही हो म्हणालात. पत्रात ओरडावं लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. आज गुरुवारचा उपास आहे, तेव्हा मजकुरात कुठे तिखटपणा आढळला तर तो माझा न समजता साबुदाण्याच्या खिचडीतल्या मिरचीचा समजावा.

तुमची नात स्वराली माझ्याकडे मजेत आहे. तिच्या आईवडिलांना मस्कतला तसं कळवून टाका. हिंजवडीच्या बसमध्ये सकाळी झोपून जाते, संध्याकाळी झोपून येते, मधे काय करते ते तिच्या कंपनीलाही नक्की ठाऊक नसावं. तिचं डाएट चालू आहे, पण ते माझ्या थालीपिठापुढे टिकत नाही. कुणी मुलगाबिलगा पाहिलाय का, असं तुम्ही विचारलं होतं. पाहिला असल्यास मला दाखवलेला नाही. पोर गुणाची आहे हे आत्ताच लिहून ठेवते, कारण पुढे जे सांगणार आहे त्या सगळ्याला तीच जबाबदार आहे.

तर बातमी अशी की आमची चंद्रमौळी सोसायटी पाडणार. 'रीडेव्हलपमेंट' हा शब्द आमच्या सेक्रेटरी तात्यारावांना तोंड भरून म्हणायला फार आवडतो, ते पहिल्या मजल्यावर म्हणाले की दुसऱ्या मजल्यावर मला ऐकू येतं. जिथे आज सायकलींचा गंज साठलाय तिथे व्यायामशाळा येणार, जिथे पाण्याची मोटर आहे तिथे कारंजं. (मोटर कुठे जाणार, ते नकाशात दिसत नाही.) संक्रांतीपर्यंत सगळ्यांनी जागा खाली करायच्या. नव्या इमारतीत जागा मिळेपर्यंतचं भाडं बिल्डर देणार. माझी सोय मी लावली आहे. वारज्याला एक छान जागा बघून ठेवलीय, खाली वाणी, वर डॉक्टर, त्यामुळे माझी काळजी मुळीच करू नये. काळजी आहे ती माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीच्या ग्रिलची.

ते ग्रिल तुम्हाला आठवत असणार. आमच्या वास्तुशांतीला तुम्ही त्याच्यासमोर बराच वेळ उभ्या राहिलात आणि पदराने कपाळ टिपत म्हणालात, "दिगू, चांगल्या घराला कुणी बगळा लावतं का रे?" मी तेव्हा तुमच्या घराण्यात नवी नव्हते, पण तुमच्यापुढे बोलण्याइतकी जुनीही नव्हते. यांना मी एवढंच सांगितलं होतं की खिडकीतून चोर येऊ नये आणि मांजर येऊ नये, बाकी तुमच्या मनाला येईल ते करा. यांच्या मनाला आलं ते असं: एका कोपऱ्यात मोठा गोल सूर्य (हे त्याला चंद्र म्हणायचे, आमचं यावर शेवटपर्यंत एकमत झालं नाही), त्याला रेलून बसलेला ससा, मधे चहाची किटली, किटलीतून निघालेली वाफ सळयांच्या लाटा घेत वर जाते आणि तिचा ढग होतो, आणि त्या ढगाखाली छत्री धरून एका पायावर उभा असलेला बगळा. बगळ्याचा चेहरा गंभीर आहे. पाऊस पडत नसताना छत्री घेऊन उभं राहावं लागल्यावर माणसाचा होतो तसा.

तुमचा भाऊ पिंपरीच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होता एवढंच तुम्ही नाशिकला लोकांना सांगत असाल. हे दिवसभर तिथे नटबोल्ट काढायचे, तेही दुसऱ्या कुणीतरी ठरवलेल्या मापाचे. मग संध्याकाळी घरी आले की आजूबाजूची घर बांधणारी मंडळी हजर. त्या काळात जो तो खिडकीला उगवता सूर्य नाहीतर वीणा लावायचा. यांच्याकडे कुणी आलं की हे आधी त्याला चहा द्यायचे (म्हणजे मला सांगायचे), मग तुमच्या घरात कोण कोण आहे, सकाळी पहिलं कोण उठतं, असले पोलीस विचारतील तसले प्रश्न विचारायचे आणि मग मोठ्या कागदावर काहीतरी विचित्र काढून द्यायचे. पैसे घ्यायचे नाहीत. मग कारखान्यात कॉम्प्युटर आले. एका सोमवारी सगळे ड्रॉइंग बोर्ड माळ्यावर गेले आणि पुढच्या वर्षी हे घरी आले. त्याला स्वेच्छानिवृत्ती म्हणतात. स्वेच्छा कुणाची, ते कागदावर लिहिलेलं नव्हतं. रिक्षातून उतरले ते रेघा मारायची टी-स्क्वेअरची पट्टी बगलेत मारून, आणि मला म्हणाले, आता खिडक्याच खिडक्या. पण तोपर्यंत लोकांच्या खिडक्याही अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या व्हायला लागल्या होत्या.

आता मुद्द्याचं सांगते, मग पुन्हा थट्टेवर येते. ते ग्रिल म्हणजे नुसतं लोखंड नव्हे. खिडकी पूर्वेची. सकाळचं ऊन आत आलं की ते सगळं चित्र सावलीचं होऊन ओट्यावर आणि बाजूच्या भिंतीवर पडतं. थंडीत बगळा मिठाच्या बरणीपाशी उभा असतो, चैत्रात सरकत सरकत गॅसपाशी येतो, पावसाळ्यात रजेवर जातो. लोणच्याच्या कैऱ्या कधी आणायच्या ते मी कॅलेंडर बघून कधी ठरवलं नाही, बगळा बघून ठरवलं. हे तिथेच स्टुलावर बसून चहा प्यायचे आणि बशी बरोबर सशाच्या सावलीखाली सरकवायचे. हे गेले ते थंडीतच, त्याला आता तीन वर्षं होतील. दिवसवार झाले, पाहुणे गेले, तुम्हीही नाशिकला परतलात, आणि दुसऱ्या दिवशी मी भाजीत मीठ घालायला बरणीकडे हात नेला तर हातावर बगळ्याची चोच पडली. मी हात तसाच ठेवला. ऊन सरकेपर्यंत उभी राहिले. भाजी अळणी झाली ती झालीच.

मला यांची फार आठवण येते, वन्सं. हे वाक्य मी फोनवर सांगू शकत नाही, कारण ते ओरडून सांगायचं वाक्य नाही.

असो. तर नव्या इमारतीतल्या जागांच्या चिठ्ठ्या निघाल्या आणि माझ्या वाट्याला पश्चिमेची जागा आली. शिवाय बाहेरून सगळ्या खिडक्या एकसारख्या दिसल्या पाहिजेत असा नियम, म्हणून जुनं काही लावायचं नाही. मी म्हटलं, निदान ग्रिल काढून नेऊ द्या. तात्याराव म्हणाले, अर्ज करा. मी अर्ज केला. त्यांनी मला उत्तर दिलं नाही, जिन्याखालच्या फळ्यावर दिलं: 'जे भिंतीला चिकटलेले आहे ते करारानुसार बिल्डरचे आहे. सभासदांनी खिडक्या, दारे, नळ, भावना इत्यादी काढून नेण्याचा प्रयत्न करू नये.' मी त्याखाली खडूने 'भावना आमच्या आहेत, नळ तुमचे ठेवा' असं लिहिलं, ते त्यांनी पुसलं. आमोदला बंगळूरला फोन केला. तो म्हणाला, आई, त्यात काय, फोटो काढून मस्त स्टिकर करून देतो, फ्रिजवर लाव. मुलगा लाखाचा आहे, पण इतक्या वरच्या मजल्यावर राहून त्याचं असं झालंय. त्याच्या घरातली खिडकीच उघडत नाही, ऊन नुसतं काचेतून बघायचं.

फोटो मात्र काढला गेला, तो स्वरालीने. एका रविवारी ती दात घासत स्वयंपाकघरात आली, ओट्यावर बगळा पाहिला आणि तोंडात फेस असतानाच किंचाळली, "आज्जी, हे कसलं रेट्रो आहे!" (रेट्रो म्हणजे जुनाट, पण आवडलेलं. न आवडलेलं असेल तर जुनाटच म्हणतात.) वर्षभर ती त्याच ओट्यावरून डबा उचलून पळत होती, पण उन्हाच्या वेळी घरात जागी अशी पहिल्यांदाच असावी. तिने फोटो फेसबुकवर टाकला आणि खाली लिहिलं, माझ्या आजोबांनी काढलंय, असं आणखी कुणाकडे आहे का? आणि वन्सं, लोकांची उत्तरं आली! कुणाच्या आत्याकडे बदकं आहेत, कुणाच्या शिंप्याकडे हत्ती आहे, कात्रजला एका खिडकीत म्हैस आहे. म्हणजे हे गावभर सांडून ठेवलेले होते आणि मला यांच्यातले फक्त एका ओट्यावरचे माहीत होते. मी त्याच दिवशी स्वरालीला म्हटलं, हेल्मेट आण. तिच्या स्कूटरवर मागे बसून, डोळे मिटून, मी तीन रविवार पुणं पाहिलं.

पहिला बंगला आमच्या कर्वेनगरातलाच. व्हरांड्याच्या ग्रिलमध्ये बदकांची रांग चालली आहे, आणि सगळ्यात शेवटचं बदक मागे वळून बघतंय. दार उघडलं ते माकडटोपी घातलेल्या गृहस्थांनी. स्वरालीच्या खांद्याला लॅपटॉपची बॅग, माझ्या हातात पर्स, आणि दोघींची नजर भिंतीवर. त्यांनी आम्हाला बिल्डरची माणसं ठरवलं. आत बसवलं, चिवडा आला, वर खोबऱ्याची वडी आली, आणि गृहस्थांनी आपल्या अटी सांगायला सुरुवात केली: दोन जागा, दोन्ही एकाच मजल्यावर, देवघर ईशान्येला, आणि वरच्या मजल्यावर कुत्रा पाळणारं कुणी नको. मी प्रत्येक अटीला मान डोलावत होते, कारण तोंडात चिवडा होता. शेवटी मी म्हटलं, आम्ही फक्त बदकं बघायला आलोय. गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं, मग चिवड्याच्या डब्याकडे पाहिलं आणि त्याला झाकण लावलं. (प्लेट ओढून घेतली नाही, हे कबूल करते.) त्यांच्या बायको मात्र आम्हाला फाटकापर्यंत सोडायला आल्या. हळूच म्हणाल्या, तुमच्या मिस्टरांनी मला विचारलं होतं, तुमचं माहेर कुठल्या बाजूला? मी सांगितलं, त्या बाजूला. म्हणून ते शेवटचं बदक तिकडे बघतंय. आमच्या यांना हे अजून माहीत नाही, त्यांना वाटतं वेल्डरची चूक आहे.

दुसरा रविवार कसबा पेठेत. तुमच्या दोघांच्या लहानपणीची पेठ, तेव्हा बोळ किती अरुंद आहेत ते तुम्हाला सांगायला नको. स्कूटर लावायला जागा शोधत आम्ही जवळजवळ शनिवारवाड्यापर्यंत परत गेलो. महिपती टेलरांच्या दुकानाच्या दारावर पाटी: 'दुपारी १ ते ४ बंद. बंद म्हणजे बंद. खिडकीतून हाक मारू नये.' आम्ही पोचलो तेव्हा नुकताच एक वाजला होता. मग समोरच्या देवळाच्या पायरीवर बसून शेंगा खाल्ल्या आणि वर माळ्याच्या खिडकीकडे बघत राहिलो. तिथे एक शिंपी शिडीवर चढून हत्तीचं माप घेतोय, टेप अर्ध्या पोटापर्यंत पोचून संपलाय, आणि हत्तीने पोट आत ओढलंय. लोखंडाच्या पट्टीत पोट आत ओढलेला हत्ती! स्वराली तर हसून हसून आडवी झाली. चार वाजता महिपती आले. आम्ही कोण ते सांगितल्यावर त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "बघितलात ना हत्ती? मग जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय." रेडीमेड कपडे आले, मॉल आले, आता गिऱ्हाईक म्हणजे फक्त पायजम्याची नाडी घालायला येणारं, माप द्यायला तेवढा हत्ती उभा आहे, असं त्यांनी मशीनकडे बघतच सांगितलं. आम्ही निघालो तेव्हा मागून म्हणाले, "साहेबांना सांगा, हत्ती ठीक आहे." हे गेल्याचं त्यांना कळलेलंच नव्हतं. स्वराली काहीतरी बोलणार होती, मी तिचा हात दाबला आणि सांगते म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यापाशी सांगितलंसुद्धा.

तिसरा रविवार कात्रजचा. सर्पोद्यानाच्याही पुढे, डोंगराच्या अंगाला गेनबांचं घर. गेनबा दूध घालायला पूर्वी आमच्या भागात यायचे म्हणे, तशी यांची ओळख. खिडकीत चांगली ऐसपैस म्हैस बसलेली, शिंगं इतकी लांब की चौकटीबाहेर जाऊन वळून परत आत आली आहेत. गेनबांच्या गोठ्याच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. मुंबईच्या कुणी इंटिरियर डेकोरेटरने स्वरालीला फेसबुकवर विचारलं होतं की ही म्हैस विकतील का, एका कॉफीच्या दुकानात लावायची आहे. तिने ते गेनबांना सांगितलं. गेनबा म्हणाले, "ताई, दावनीची समदी गेली, येवढी एकच ऱ्हायली हाय. हिला चारा लागत न्हाय, पानी लागत न्हाय. इकून काय करू?" मग मला विचारलं, तुमच्या खिडकीत काय हाय? मी म्हटलं, बगळा. त्यावर ते मांडीवर थाप मारून हसले. "म्हस हितं अन् बगळा तिकडं ठिवला व्हय सायबानं!" मी त्यांना इमारत पाडण्याचं, तात्यारावांच्या फळ्याचं, सगळं सांगितलं. तेव्हा हसू थांबवून म्हणाले, "मग बगळ्याला उडवा की वैनी. वाट कुनाची बघताय?"

वन्सं, मी आयुष्यात लायब्ररीचं पुस्तक एक दिवस उशिरा दिलेलं नाही. पण मी बगळ्याला उडवायचं ठरवलं. प्रश्न होता वेळेचा. सकाळी दूध-पेपर-कामवाल्या, संध्याकाळी जिन्यात गप्पा. पण दुपारी जेवण झाल्यापासून चहापर्यंत आमची सोसायटी जशी झोपते तशी जगाच्या पाठीवर कुठली वसाहत झोपत नसेल. त्या वेळात कुरिअरवालासुद्धा बेल वाजवत नाही, एकदा वाजवली होती, अजून त्याचा विषय निघतो. तेव्हा गेल्या आठवड्यात मंगळवारी दुपारी आमच्या नाक्यावरचा दशरथ वेल्डर आला. मशीन चालवायचं नाही, आवाज होतो, म्हणून करवतीच्या पात्याला खोबरेल तेल लावून एकेक टोक कापलं. स्वरालीने घरून काम करते असं कंपनीला कळवलं (आणि केलंही, मी साक्षीदार आहे) आणि मदतीला ऑफिसमधला एक सहकारी आणला. जिन्याने न्यावं तर ग्रिल वळणावर अडकत होतं. मग यांच्या जुन्या होल्डॉलचे पट्टे आणि कपड्यांची दोरी जोडून ते खिडकीतूनच खाली सोडायला घेतलं. मी वरून 'हळू, हळू' असं कुजबुजत होते. (कुजबुजण्याचा सराव नसल्यामुळे ते बरंच लांब गेलं असावं.)

आता आमच्याखाली तात्यारावांचं घर. त्यांचंही स्वयंपाकघर माझ्यासारखंच पूर्वेला होतं, पण त्यांच्या सुनेने वास्तुशास्त्र वाचून ते हलवलं आणि त्या खोलीत सासऱ्यांची निजायची सोय केली. हे मला ठाऊक होतं. ते मला त्या क्षणी आठवलं नाही. दोरीची गाठ त्यांच्या खिडकीच्या चौकटीत अडकली आणि बगळा, छत्रीसकट, बरोबर तात्यारावांच्या डोळ्यांसमोर थांबला. मी वरून वाकून पाहिलं. तात्याराव बनियनवर उठून बसले होते. दोघं एकमेकांकडे बघत होते, बगळा गंभीर, तात्यारावही गंभीर. त्यांच्या स्वतःच्या खिडकीत यांनीच काढून दिलेला उंदीर आहे, मांडी घालून पेटी वाजवणारा, कारण तात्याराव तरुणपणी पेटी वाजवायचे. त्या उंदराच्या गजांमधून त्यांनी हात बाहेर काढला. मला वाटलं, आता दोरी धरतील आणि बिल्डरला फोन करतील. त्यांनी अडकलेली गाठ सोडवली. मग मान वर करून मला विचारलं, "हा माणूस उद्या दुपारी मोकळा आहे का?" मी म्हटलं, आहे. ते म्हणाले, "मग माझंही काढायला सांगा. आणि हे मिनिट्समध्ये यायचं नाही." आणि आडवे झाले. दुसऱ्या दिवशी उंदीर उतरला. त्यानंतर दोन दिवसांत दुपारच्या झोपेच्या वेळी आमच्या इमारतीतून आणखी काय काय उतरलं ते मी बघितलेलं नाही, कारण मी झोपले होते. फळ्यावरची सूचना अजून तशीच आहे.

आता ग्रिल खाली जिन्याजवळच्या पॅसेजमध्ये भिंतीला टेकून उभं आहे. येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याच्या खालच्या पट्टीला अंगठा आपटतो आणि बगळ्याला शिव्या देतो. खिडकीची जागा मोकळी झाल्यामुळे पहिल्याच दिवशी मांजर आलं, यांचं काम किती चोख होतं ते तेव्हा कळलं. सकाळी ऊन येतं, पण नुसतंच येतं. ओट्यावर पांढरा चौकोन पडतो आणि सरकत सरकत निघून जातो. मी बरणी पुढे करून पाहिली, स्टूल सरकवून पाहिलं, बॅटरी लावून पॅसेजच्या भिंतीवर बगळा पाडूनही पाहिला. तो एकाच जागी उभा राहिला, सरकला नाही. स्वरालीने आल्यावर बॅटरी हातातून काढून घेतली आणि मला हाताला धरून वर नेलं. लोखंड वाचवलं, वन्सं, पण ते उन्हाशिवाय आहे.

पत्र फार लांबलं. तिखट लागलं असेल तर पाणी प्यावं. तुमच्या कामवालीला चार दिवस उशिरा आली म्हणून काढून टाकू नका, नाशिकलाही आता मिळत नाहीत. औषधं वेळेवर घ्यावीत आणि यंत्र कानात घालावं, कपाटाला चांगलं ऐकू येतं.

तुमच्या पायांपाशी हक्काने बसणारी,
आनंदी

ता. क. स्वरालीने मला मुलगा दाखवलेला नाही असं मी वर लिहिलं आहे, ते खरं नाही. ग्रिल धरायला आलेला सहकारी तोच. योगेश नाव, अकोल्याकडचा, इथे एका खोलीत चौघं राहतात. जेवतो व्यवस्थित आणि ताट स्वतः उचलतो. स्वराली तुम्हाला संक्रांतीला सांगणार आहे, तेव्हा तुम्ही नव्याने ऐकल्यासारखं करा.

आणखी एक ता. क. वारज्याच्या जागेचं लिहिलं ते सगळं खरं नाही. खाली वाणी आहे, वर डॉक्टर आहे, पण मधली जागा मला मिळालेली नाही. मालक म्हणाले, एकटी बाई, त्यातून या वयाची, उद्या काही झालं तर जबाबदारी कुणाची? मी म्हटलं, कुणाचीच नाही. त्यांना नेमकं तेच नको होतं. त्यानंतर आणखी जागा पाहिल्या, त्यांनीही हेच विचारलं, फक्त चहा देऊन. आमोद ये म्हणतो, मनापासून म्हणतो, पण दिवसभर त्या बंद काचेमागे मी काय करू? स्वरालीला कंपनीजवळ मैत्रिणींबरोबर जागा मिळाली आहे, हे तिने मला रडत रडत सांगितलं, म्हणून मी रडले नाही.

शेवटचा ता. क. तुमच्या मधल्या खोलीची खिडकी पूर्वेची आहे आणि समोरची भिंत पांढरी आहे. दिवाळीला आले होते तेव्हा मी पाहून ठेवलं होतं. खिडकी थोडी अरुंद पडेल, पण गवंड्याचं काम एका दिवसाचं. बगळा तुम्हाला पसंत नाही हे मला माहीत आहे. पण वन्सं, तो तुमच्या भावाने काढलाय, आणि तुमच्या घरात आता तुम्ही एकट्या आहात, आणि नाशिकला सकाळी ऊन चांगलं पडतं. पुढच्या सोमवारी दशरथच्या ओळखीचा टेंपो रिकामा नाशिकला निघतोय. एवढं लांब ग्रिल एकटंच पाठवणं मला बरं वाटत नाही. ड्रायव्हरच्या शेजारी एका माणसाला बसायला जागा असते. मी विचारून ठेवलंय.